कापशीचं तपकिरी बदक

अमरावती, नोव्हेंबर

चि. पोरीस,


तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाला. कापशीच्या तलावात, काठापासून बरंच आत, एक तपकिरी बदक. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, समोरून उन्हाची चकाकी. "काका, पुस्तकात अशी पाच बदकं आहेत, हे त्यातलं कोणतं?" असं तू विचारलंस. पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न घातलास, तो मला जास्त आवडला. ट्रंकेत सापडलेल्या पणजोबांच्या शिकारीच्या वहीत एकेका तारखेखाली पाच-सहा जातींची नावं ठामपणे लिहिलेली आहेत. ना तुझ्यासारखी दुर्बीण, ना मोबाइल. मग त्यांना बदकं कशी ओळखू येत होती?

आधी वहीचं सांगतो. ती नावं बदक पाण्यावर असताना लिहिलेली नाहीत, ते पडल्यावर लिहिलेली आहेत. त्या काळचा शिकारी पहाटे पूर्णेच्या डोहाकाठी किंवा एखाद्या गावतळ्याच्या पाळीआड दबा धरून बसायचा. उजाडता उजाडता थवा डोक्यावरून गेला की बार टाकायचा, आणि पाण्यातून काढून आणलेला पक्षी हातात घेऊन मग विचार करायचा की हे काय मिळालं. पंख पसरून पाहायचा, चोच मोजायचा, पायाचा रंग पाहायचा. त्या पिढीची इंग्रजी पुस्तकंही अशीच होती. ह्यूम आणि मार्शल यांचे शिकारी पक्ष्यांवरचे तीन खंड १८७९ ते १८८१ या काळात निघाले. स्टुअर्ट बेकरचं भारतीय बदकांवरचं पुस्तक १९०८ चं. त्यांतलं वर्णन वाच, पंखाची लांबी इंचात दिलेली असते. मेलेल्या पक्ष्याशिवाय ती मोजणार कशी? ह्यूमने आपला संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला तेव्हा पक्षी आणि अंडी मिळून त्यात ८०,००० च्या वर नमुने होते. आज आपण ज्या ज्ञानावर उभे आहोत त्याचा पाया या कातड्यांचा आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्याचा अभिमान बाळगावा असंही मला वाटत नाही.

बदकं कुठून येतात हेही पुष्कळसं बंदुकीमुळेच कळलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने आपल्या देशातलं पक्ष्यांना कडी घालण्याचं पहिलं काम १९२६-२७ च्या सुमारास केलं, ते धार संस्थानात, पवारांच्या राज्यात, आणि केलं ते बदकांवर. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार. पायात कडी घातलेलं बदक उडून जायचं आणि कुणीतरी कुठेतरी ते मारलं तर कडी परत यायची. ज्ञान मिळायचं, पण पक्षी संपल्यावर.

मला तुला सांगायचं आहे ते इथे सुरू होतं. शिकाऱ्याचा बार आधी आणि ओळख नंतर असायची. पहाटेच्या अंधुक उजेडात डोक्यावरून सुसाट जाणाऱ्या थव्यात एखादं बदक अनोळखी असलं तरी ते पडल्यावरच कळणार. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्या ढिगात कोणती जात किती दुर्मीळ होती हा प्रश्न बार टाकताना कुणाला पडला असेल? बिहार-बंगालच्या गवताळ झिलांमध्ये गुलाबी डोक्याचं एक बदक राहत असे. आधीच थोडं. त्याचा जंगलातला शेवटचा खात्रीचा नमुना १९३५ साली दरभंग्याकडे मिळाला, तोही बंदुकीनेच. त्यानंतर कित्येकांनी शोधलं, पण ते कुणालाही खात्रीने दिसलेलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात बदकं होतीच, पण परवान्यावर शिकारीची वाट काही जातींसाठी उघडी राहिली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. त्यामुळे तुझ्या तलावावर कुणी जाळं लावताना किंवा बंदूक घेऊन फिरताना दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नकोस. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळव. पणजोबांची वही मात्र जपून ठेव. कोणत्या डोहावर, कोणत्या महिन्यात, कोणती जात होती हे त्यात आहे, आणि त्यातले अर्धे डोह आज कोरडे असतील. वाळवी लागण्याआधी पानन् पान फोटो काढून ठेव.

आता तुझं बदक.

पहिली गोष्ट, तू महिना अवघड निवडलास. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. शाळा-कॉलेजची मुलं याच आठवड्यात पहिल्यांदा तलावावर येतात, आणि नेमकी याच दिवसांत बदकं ओळखायला सर्वांत कठीण असतात. पुस्तकातला नर असतो रंगीत, ऐटदार. पण वीण आटोपली की नर ती सगळी पिसं टाकतो, पंखांची मोठी पिसं तर एकदमच गळतात आणि काही आठवडे त्याला उडताच येत नाही. अशा वेळी लपून राहण्यासाठी त्याच्या अंगावर मादीसारखा तपकिरी पोशाख येतो. उत्तरेकडून तो आपल्याकडे पोचतो तेव्हा हा पोशाख अनेकदा पूर्ण उतरलेला नसतो. म्हणजे नोव्हेंबरात तलावभर माद्या दिसतात, त्यातले कित्येक नर असतात. डिसेंबर सरता सरता तेच तलाव रंगीत होतात. तेव्हा नोव्हेंबरात रंगावर विसंबू नकोस. रंग शेवटी पाहा.

आधी बदक बसतं कसं ते पाहा. उथळ पाण्यात डोकं खाली आणि शेपूट वर करून चरणारी बदकं पाण्यावर हलकी तरंगतात, त्यांची शेपटी पाण्याच्या वर असते. थापट्या, तलवार बदक, गडवाल, तरंग, चक्रांग, भुवई बदक आणि आपलं बारमाही हळदीकुंकू, ही सगळी या घरची. बुडी मारणारी वेगळी: लालसरी, शेंडी बदक. ती पाण्यात खोल बसतात, पाठ घसरती, शेपटी पाण्याला टेकलेली. त्यांचे पाय अंगाच्या बरेच मागे असतात, आणि उडताना ती पाण्यावरून धावत जातात. पहिल्या घरची बदकं जागच्या जागी उसळून सरळ वर उठतात. एवढ्या एका गोष्टीने निम्मी नावं गळतात आणि त्यासाठी चांगला उजेडही लागत नाही. फक्त मोठी लालसरी फसवते. ती बुडीवाल्यांची नातेवाईक असून पुष्कळदा वरवरच चरते.

अप्पर वर्धा धरणावर, सिंभोऱ्याच्या बाजूला, एका भोईदादांशी माझं बोलणं चालायचं. ते नावं वेगळीच सांगत, काही तर त्यांच्या घरापुरतीच असावीत. पण घरं बरोबर पाडत. "थे बुडी मारते न बाप्पा, थे येगळं हाय," म्हणायचे, आणि ज्याकडे बोट असायचं ते बुडीवालंच निघायचं. जाळं टाकणाऱ्याला कोण कुठे बुडतं हे माहीत असणं भागच आहे. अशा माणसाला पुस्तकातलं नाव सांगण्याआधी त्याचं ऐकून घेत जा. आपल्या भागातले फासेपारधीही तित्तर-बटेर नुसत्या आवाजावरून सांगत आले. त्यांच्या कपाळी इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला म्हणून त्यांचं पक्ष्यांचं ज्ञान कुणी नीट लिहून घेतलं नाही, ही मला फार मोठी हानी वाटते.

दुसरी पाहायची ती चोच. चोच पिसांसारखी गळत नाही. थापट्याची चोच टोकाला उलथन्यासारखी रुंद असते. नर असो, मादी असो, नोव्हेंबर असो की मार्च, ती लपत नाही. हळदीकुंकूच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके. तरंगची चोच आखूड, निळसर, टोक काळं, आणि त्याचं कपाळ गोल उठलेलं. गडवालच्या मादीची चोच वरून काळपट आणि दोन्ही कडांना नारिंगी. तलवार बदकाच्या मादीची चोच नुसती करडी, आणि मान लांब, बारीक. ती बाकीच्यांमध्ये शिष्ट दिसते. तुझ्या पुस्तकातल्या पाच तपकिरी चित्रांमधून या नजरेने गेलीस तर दोनच उरतील, आणि दोनांतून एक निवडणं वेगळं काम आहे.

चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्यांचा घोळ मात्र मोठमोठ्यांना पडतो. दोन्ही लहानखोऱ्या, दोन्ही तपकिरी. भुवईच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगच्या मादीचा चेहरा साधा, पण शेपटीच्या बाजूला एक फिकट रेघ. इथे महिनाही कामी येतो. भुवई बदक आपल्याकडे बहुतेकांच्या आधी, पाऊस सरत असतानाच दिसायला लागतं आणि उन्हाळा तापला तरी रेंगाळतं.

तिसरा पंख. शिकाऱ्याने हातात धरून पसरलेला पंख आपल्याला उडताना क्षणभरच दिसतो, पण तो दिसतो. मागच्या कडेला एक रंगीत चकाकता पट्टा असतो. गडवालचा पांढरा. चक्रांगचा हिरवा. हळदीकुंकूचाही हिरवा, पण दोन्ही बाजूंनी पांढरी किनार. थापट्याच्या आणि भुवईच्या पंखाचा पुढचा भाग निळसर. थापट्याचा ठसठशीत निळा, भुवईचा राखाडीकडे झुकणारा. तुझ्याकडे कॅमेरा आहे, म्हणून हे सांगतो: बदक बसलेलं असताना पन्नास फोटो काढण्यापेक्षा ते आपणहून उठेल तेव्हा सलग फोटो घेण्याची तयारी ठेव. त्यातल्या एका चौकटीत पंख पूर्ण उघडलेला सापडतो. पणजोबांना जे पाहायला पक्षी मारावा लागला ते तुला त्याला न मारता मिळतं, आणि तो पुढच्या वर्षी परतही येतो. पण त्याला उठवण्यासाठी दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, काठावर धावायचं नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची चरबी तुझ्या फोटोसाठी जळू नये. घार फिरली की थवा उठतोच. वाट पाहा.

बदक नसलेलं बदकही असतं. काळं अंग, पांढरी चोच, कपाळावर पांढरी ढाल, तो वारकरी. थव्याने असतो, बदकांत मिसळतो, मुलं त्याला हमखास बदकांत मोजतात. टिबुकली त्याहून लहान, बुडाशी फुगीर, बघता बघता गुडूप होते. गावाजवळच्या तलावात कुणी सोडलेली पाळीव बदकंही असतात. त्यांचे आडवेतिडवे पांढरे-तपकिरी डाग पाहून दुर्मीळ पाहुणा सापडला म्हणून फोनवर फोन येतात. माणसाला पाहून दूर जाण्याऐवजी जवळ येणाऱ्या बदकाविषयी आधी शंका घ्यावी.

जागा निवडताना पाण्याचा विचार कर. धरणाचं पाणी जानेवारीपासून उतरत जातं, काठ उघडे पडतात, लोक गाळपेर करतात. त्या उथळ चिखलात चरणारी बदकं येतात, बुडीवाली मध्यावर खोल पाण्यात राहतात. पट्टकादंब हंस दिवसा पाण्याकाठी बसतात आणि चरायला काठच्या कोवळ्या गवतावर, वावरातल्या गहू-हरभऱ्यावर जातात. शेतकऱ्याची तक्रार ऐकलीस तर ती खरी मान, हुज्जत घालू नकोस. अकोल्याहून तुला कापशी जवळ, पण एखादा दिवस काढून महानला काटेपूर्णेच्या धरणावर जा. इकडे आलीस तर मी तुला मालखेडला आणि केकतपूरला नेईन. सूर्य पाठीशी राहील अशा काठावर बसायचं. तुझा फोटो सूर्याकडे तोंड करून काढलेला आहे. त्यात सगळीच बदकं काळपट दिसणार.

आता एक गोष्ट बदकाची नव्हे, पण आपल्या मेळघाटाशी जोडलेली. रानपिंगळा हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी ह्यूमने १८७३ मध्ये नोंदवला. पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर १९१४ चा म्हणून एक नमुना होता, गुजरातेतल्या मांडवीचा, रिचर्ड माइनर्टझागेन या कर्नलच्या संग्रहातला. लोकांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. तो रानपिंगळा शोधत माणसं गुजरातेत फिरली, सापडला नाही. शेवटी पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची कातडी आणि टाके तपासून दाखवलं की कर्नलचा नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता. म्युझियममधून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातच, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही सापडला.

तू म्हणशील, मी काही चोर नाही. नाहीसच. पण खोटी चिठ्ठी आणि घाईने लिहिलेलं नाव यांचा परिणाम पुढच्या माणसासाठी सारखाच असतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. तिच्यात कापशीचा आकडाही जाऊ शकतो, आणि मग कुठे दूर बसलेला कुणी त्यावरून ठरवतो की लालसरी कमी होत चालली आहे की नाही. ती खरंच कमी होते आहे. २०१५ पासून जगातल्या धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत ती 'असुरक्षित' म्हणून आहे. ज्यांना नाव ठाऊक नाही त्यांनी 'अनोळखी बदक' असं लिहून पुढे जाणं, याला माझ्या लेखी अंदाजाने लिहिलेल्या दहा नावांहून जास्त किंमत आहे. 'अनोळखी' पुढे कधीतरी सुटतं. चुकीचं नाव मात्र कुणी पुन्हा उघडून पाहत नाही.

म्हणून वहीत नाव लिहिण्याआधी दिसलं ते लिहायचं, तलावावर बसूनच, घरी येऊन नव्हे. घरी आल्यावर पुस्तकातलं चित्र डोळ्यांत शिरतं आणि आपल्याला न दिसलेला पट्टाही दिसल्यासारखा वाटतो. वेळ, ऊन कोणत्या बाजूला, पाणी खोल की उथळ, शेपटी वर की टेकलेली, चोच दिसली का, पंख दिसला का, शेजारी कोण होतं. शेजारी महत्त्वाचा, ओळखीच्या बदकाशेजारी अनोळखी बदकाचं माप चटकन कळतं. तुझ्या फोटोत डाव्या कडेला एक वारकरी अर्धा आला आहे, तो तू पाहिलाच नसशील. त्याच्याहून तुझं बदक चांगलंच मोठं आहे. म्हणजे चक्रांग आणि भुवई गेली. शेपटी पाण्याच्या वर आहे, म्हणजे बुडीवाली गेली. हळदीकुंकू असतं तर बाजूला पाठीलगत पांढरी फित उठून दिसली असती, ती नाही. मागे उरतात गडवाल आणि तलवार बदक, बहुधा मादी. नोव्हेंबर असल्याने नर असण्याची शक्यताही सोडू नकोस. तरंगचा आकार इतका लांबट नसतो, पण बदक झोपलेलं आणि चोच पिसांत लपलेली असल्याने मी तरंग आणि थापट्याही पुरते काढून टाकत नाही.

यापुढे तुझा फोटो काही सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. येत्या रविवारी सकाळी पुन्हा जा, पूर्वेकडच्या पाळीवर बस, म्हणजे ऊन पाठीशी राहील. बदकं सहसा दोन-चार दिवसांत तलाव सोडत नाहीत. ते जागं झालं की चोचीच्या कडा पाहा, नारिंगी आहेत की सगळी करडी. उठलं तर पट्टा पांढरा आहे का ते पाहा. चोच आणि पट्टा, दोन्ही दिसले तरच नाव लिही. नाहीच दिसले तर वहीत आहे तसंच राहू दे, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. ते मला बदकाच्या फोटोइतकंच वाचायचं आहे.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
अमरावतीचा काका